वसईच्या कोटात एक दिवस : पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

वसईचा किल्ला बघायला आलेली मंडळी बऱ्याचदा पाऊण तासात परत फिरतात. रिक्षा थांबवूनच ठेवलेली असते. चिमाजी अप्पांच्या पुतळ्यासमोर एक फोटो, एखाद्या चर्चच्या कमानीत दुसरा, आणि निघताना ठरलेलं वाक्य : "पडक्या भिंतीच आहेत हो नुसत्या." मी वसई गावातच वाढलो, त्यामुळे पूर्वी हे ऐकून डोकं फिरायचं. आता वाटतं, त्यांचं तरी काय चुकलं? रायगड-राजगड मनात धरून आलेल्या माणसाला इथे ना चढण मिळते, ना माची, ना कडा.

वसईच्या तटाच्या आत शहर होतं. सुमारे साडेचार किलोमीटरचा तट, त्याला दहाएक बुरूज, दोन मोठे दरवाजे, आणि आत रस्ते, चौक, कचेऱ्या, तुरुंग, इस्पितळ, कॉलेज, मठ, चर्चेस. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती त्यांच्याकडून घेतली. मधली दोनशे वर्षं पोर्तुगीजांच्या उत्तरेकडच्या मुलखाचं हे मुख्य ठाणं होतं; जुन्या गोव्याची धाकटी बहीणच म्हणा. तेव्हा इथे फिरताना 'तोफ कुठून डागत असतील' एवढ्यावर थांबू नका. इथे कोण राहायचं, पाणी कुठून आणायचं, हा अर्धा जिना कुठे जात होता, असं विचारत फिरा. मग पाऊण तास नाही, दिवस कमी पडतो. त्या दिवसाचा क्रम कसा लावायचा ते सांगतो.

आधी तिथी बघा

ऋतू सोपा आहे : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यातली हिरवी वसई फोटोत सुंदर दिसते हे खरं, पण गवत कमरेएवढं वाढतं आणि त्यात जुन्या विहिरी, ढासळलेले चौथरे आणि सापही असतात. मी इथलाच असून एका ऑगस्टमध्ये पाहुण्यांसमोर फुशारकी मारायला म्हणून शेवाळलेल्या पायऱ्यांवर चढलो आणि सरळ बसकण मारली. घोटा तीन आठवडे सुजलेला होता. पाहुण्यांनी किल्ला बघितला, मी चौथऱ्यावर बसून त्यांच्या चपला राखल्या.

दिवस ठरवताना मात्र तारखेबरोबर तिथीही बघा, कारण किल्ल्याच्या दक्षिणेला वसईची खाडी आहे आणि बंदराचं रूप भरती-ओहोटीवर पालटतं. आमच्याकडचा जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट करा, त्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून दुपारी तीनच्या आसपास आणि तशीच पहाटेही. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास, आणि तेव्हा उधाण मोठं. त्याच्या सहाएक तास पुढे-मागे ओहोटी. मिनिटाला मिनिट जुळणार नाही, पण दिवस आखायला एवढं पुरतं. भरतीच्या वेळी बंदरावर उभं राहिलात तर होड्या हलत्या-डुलत्या दिसतात; ओहोटीला त्याच होड्या चिखलात कुशीवर पडलेल्या असतात. पोर्तुगीजांनी हीच जागा का निवडली हे कळायला भरती बरी.

यायचं कसं

चर्चगेटहून विरारची जलद लोकल धरा आणि वसई रोडला पश्चिमेला उतरा. सकाळी गर्दी मुंबईकडे जाणारी असते, तुम्ही उलट्या दिशेने येता, त्यामुळे खिडकी मिळते. फक्त रविवारी येणार असाल तर आदल्या दिवशी जम्बो ब्लॉकची, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या बंद असतात त्या वेळेची, बातमी वाचा. पनवेल-दिव्याकडून थेट गाड्या आहेत, पण मोजक्या. वेळ बघूनच निघा.

स्टेशन आणि किल्ला यांत सहा-सात किलोमीटर अंतर आहे. नवखे लोक इथेच फसतात. 'वसई रोड' म्हणजे वसई नव्हे. रिक्षावाल्याला नुसतं "किल्ला" म्हणू नका, "किल्लाबंदर" म्हणा. बसही त्याच नावाची बघा. नुसतं किल्ला म्हटलंत की तो रस्त्यातल्या पहिल्या भिंतीपाशी सोडून मोकळा होतो. आपल्याला तट ओलांडून, आतून, अगदी शेवटच्या बंदरापर्यंत जायचं आहे.

भाईंदरहून येणाऱ्यांना २०२४ पासून खाडी ओलांडणारी रो-रो बोट आहे. गाडी किंवा दुचाकी घेऊन येत असाल तर महामार्गाचा मोठा वळसा वाचतो. पण त्याहून मोठं कारण सांगतो. पोर्तुगीज काळात माणूस वसईला पाण्यावरून यायचा. बोटीतून पुढे झाडी आणि तट हळूहळू मोठा होताना बघत येण्याची मजा रिक्षात नाही. वेळापत्रक त्या दिवसाचं विचारून घ्या.

सोबत बूट, टोपी, पाण्याच्या दोन बाटल्या आणि डासांचं मलम. सावली आहे, दुकानं नाहीत म्हणा ना. स्वच्छतागृहाचं काम वसई गावातच उरकून घ्या, विशेषतः बायका आणि लहान मुलं बरोबर असतील तर. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. साधे फोटो काढायला कुणी अडवत नाही, पण लग्नाआधीचे चित्रीकरण, तिवई, कपडे बदलायचे तंबू असला सरंजाम असेल तर आधी परवानगी काढा.

सुरुवात सागरी दरवाज्यापासून

किल्लाबंदरला उतरलात की लगेच आत घुसू नका. बंदराकडे तोंड करून उभे राहा, खाडी बघा, मग पाठ फिरवून सागरी दरवाज्यातून आत या. शहरात शिरायची ही खरी वाट.

दरवाज्याशी दहा मिनिटं तरी द्या. आत शिरलं की सरळ पुढे जाता येत नाही, भिंत आडवी येते आणि वळावं लागतं. धडका देणाऱ्याला धाव घ्यायला जागाच मिळू नये म्हणून ही रचना. लाकडी दारांवर लोखंडी पत्रा आणि खिळे आहेत. हाताने चाचपून बघू नका, गंज लागतो. पण बिजागरीकडे नीट बघा. हा 'बिजागरी' शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाला. 'चावी'ही त्यांचीच. गवंडी ज्यात चुना कालवतो ते 'घमेलं', पाणी आणतो ती 'बादली', कारागिराला मिळतो तो 'पगार', आणि चुकलं तर जिथे डांबतात तो 'तुरुंग'. एक दरवाजा उभा करायला लागणारा अर्धा शब्दसंग्रह तिकडचा आहे. आमच्या मुलांना मी पोर्तुगीज इतिहास असाच शिकवला, सनावळीने नाही.

मात्रिझ आणि तिच्या हरवलेल्या घंटा

दरवाज्यापासून जवळच एक उंच मनोरा दिसेल. हे सेंट जोसेफ चर्च, शहराचं मुख्य देऊळ म्हणावं असं, म्हणून 'मात्रिझ'. मूळ बांधणी १५४६ ची; दारावरच्या शिलालेखात १६०१ चा उल्लेख आहे, तेव्हा गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या काळात ते दुरुस्त झालं. मान वर करून तो लेख शोधा. दुपारी ऊन तिरपं पडलं की अक्षरं उठून दिसतात.

मनोऱ्यात वर जाणारा अरुंद गोल जिना आहे. दार बंद असेल तर कडी-कोयंड्याशी खेळू नका. उघडं असेल तरी पायऱ्या झिजलेल्या आहेत, एका वेळी एकानेच चढावं आणि मुलांना पुढे सोडू नये.

मनोरा आहे, मग घंटा कुठे? त्या महाराष्ट्रभर गेल्या. वसई जिंकल्यावर चर्चमधल्या घंटा मराठी सैन्याने विजयाची खूण म्हणून नेल्या आणि देवळांना वाहिल्या. नाशिकला रामकुंडाजवळच्या नारोशंकर मंदिराची प्रसिद्ध घंटा, भीमाशंकरची १७२९ साल कोरलेली घंटा, वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची घंटा, या सगळ्या पोर्तुगीज ओतकामाच्या. भीमाशंकरच्या घंटेवर क्रूस आहे, आणि ती आजही शंकरापुढे वाजते. वसईचा किल्ला बघून झाल्यावर नाशिकला गेलात तर या मनोऱ्यातली रिकामी कमान आठवेल.

दगड वाचायचे कसे

इथून पुढे क्रम तुम्ही मोडलात तरी चालेल. फ्रान्सिस्कन मठ आणि चर्च, डॉमिनिकनांचं चर्च, जेझुइटांचं चर्च (हे तिन्ही कॅथलिक धर्मगुरूंचे वेगवेगळे संघ), सगळी चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पण सगळी बघायचा हट्ट नको. दोन निवडा आणि तिथे बसा. माझी निवड फ्रान्सिस्कन आणि जेझुइट.

फ्रान्सिस्कन चर्चमध्ये खाली बघत चाला. जमिनीत थडग्यांच्या शिळा आहेत, पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या. अक्षरं एकमेकांत अडकवलेली असतात, म्हणून वाचता येत नाहीत असं वाटतं. दोनच शब्द पाठ करून या : 'सेपुल्तुरा' म्हणजे थडगं आणि 'एर्देइरुश' म्हणजे वारस. बहुतेक शिळांचा मजकूर याच साच्यातला असतो. हे थडगं अमक्याचं आणि त्याच्या वारसांचं. म्हणजे दफनाची जागासुद्धा घरासारखी मालकीची, पुढच्या पिढीच्या नावावर. इथे आपली नातवंडं-पतवंडं राहणार याची केवढी खात्री! शिळांवर उभं राहून फोटो काढू नका. अक्षरं दिसत नसतील तर बाटलीतलं थोडं पाणी शिंपडा आणि बाजूने बघा. खडू किंवा कोळसा फासू नका.

मग वर बघा. छप्पर कुठेच नाही, पण वेदीच्या टोकाला दगडी कमानदार छत शाबूत दिसेल. कारण साधं आहे. लोक बसायचे त्या लांब भागावर लाकडी वासे आणि कौलं होती, ती गेली. वेदीवरचं छत मात्र दगडात वळवलेलं, ते राहिलं. भिंतींमध्ये एका रेषेत चौकोनी भोकं दिसतील. ती पक्ष्यांची नाहीत (आता पोपट आणि साळुंक्या राहतात ते वेगळं), तुळयांची टोकं अडकवायची आहेत. भोकांच्या रांगा मोजल्या की मठ किती मजली होता ते कळतं. खरं सांगायचं तर ही एक युक्ती समजली की कोटातली प्रत्येक निनावी भिंत घर होऊन समोर येते. वरच्या मजल्याच्या उंचीवर लटकलेली खिडकी, तिच्या दोन्ही बाजूंना बसायचे दगडी कट्टे. कुणीतरी तिथे बसून रस्ता बघत असणार.

जेझुइटांच्या चर्चचा दर्शनी भाग वसईतला सगळ्यात नटलेला : खांब, कमान, आणि वर येशूच्या नावाची संक्षिप्त अक्षरं. डागडुजी झाल्यामुळे ते इतरांपेक्षा धड आहे. हे आता गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखतात. वसईत १५५७ च्या सुमारास जन्मलेला हा मुलगा पुढे फ्रान्सिस्कन झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकीला पंचवीस जणांबरोबर क्रूसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत. फेब्रुवारीत त्यांच्या सणाला वसईचे लोक इथे जमतात. त्या दिवसांत आलात तर गर्दी असेल, पण एरवी मुकं असलेलं हे चर्च गाण्याने भरलेलं ऐकायला मिळेल. प्रार्थना चालू असताना दर्शनी भागासमोर उड्या मारतानाचे फोटो काढायचे नसतात, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

बालेकिल्ला आणि देवळं

शहराच्या पोटात एक जुना लहान कोट आहे, सान सेबास्तियांव. पोर्तुगीज गव्हर्नर नूनो द कुन्या याच्या काळात १५३६ मध्ये हा आधी बांधला. मोठा तट नंतर आला. दरवाज्यावर पोर्तुगालचं राजचिन्ह आहे : मधल्या ढालीत पाच छोट्या ढाली, भोवती बुरूज. हे एकदा ओळखलंत की गोवा, दमण, दीव, चौल, कुठेही चटकन सापडेल.

जवळपास नागेश महादेव आणि वज्रेश्वरीचं देऊळ आहे, ती पेशवाईतली. मोहिमेआधी चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला होता असं सांगतात. गणेशपुरीजवळचं देवीचं मोठं देऊळ त्या नवसाचं. देवळाच्या पायरीवर बसून डबा सोडायला हरकत नाही, पण डबा परत न्या आणि केळ्याची सालंही. माकडं नसली तरी कुत्री आहेत.

तटावरून

ऊन उतरलं की तटावर चढा. तिन्ही बाजूंना पाणी आणि दलदल, जमीन फक्त उत्तरेला. मराठ्यांचे मोर्चे लागले ते याच अंगाला. १७३९ च्या फेब्रुवारीपासून वेढा आवळला, मे महिन्याच्या सुरुवातीला सुरुंग उडवून तटाचा सान सेबास्तियांव बुरूज फोडला (नाव आतल्या लहान कोटाचंच, पण हा बाहेरच्या तटावरचा). शेजारचा दुसरा बुरूज नोसा सेन्योरा दुश रेमेदियुश. तोच शब्द आजही वसईत 'रमेदी' या गावाच्या नावात आहे. १६ मे रोजी शरणागतीचा करार झाला. अटी वाचल्या की आश्चर्य वाटतं. शिबंदीला शस्त्रांसह, निशाणं फडकावत, नगारे वाजवत जाऊ दिलं. २३ मे रोजी पोर्तुगीज बाहेर पडले. मघाशी बघितलेले ते 'वारस' त्यांच्यात असणार.

चिमाजींनी माझं मस्तक तरी तोफेत घालून आत उडवा म्हटल्याची गोष्ट इथला प्रत्येक जण सांगेल. ऐका, मजा घ्या. पण माझं लक्ष दर वेळी त्या आठवडाभराकडे जातं, जेव्हा दोनशे वर्षांचं घर बोचक्यात बांधायचं होतं. पुढे १८०२ च्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईतच. जिथे पेशवाईचा सगळ्यात मोठा विजय झाला, तिथेच तिने हातपाय बांधून घेतले.

तटावर पाऊलवाट कुठे रुंद, कुठे झुडपांत हरवलेली. पूर्ण फेरी मारायच्या भरीस पडू नका. एक बुरूज गाठा, पक्षी बघा, मुलं मोडक्या मठाच्या अंगणात क्रिकेट खेळत असतील ते बघा. भुई दरवाजा, म्हणजे जमिनीकडचा, झाडीत थोडा शोधावा लागतो. गुरं चारणाऱ्याला किंवा त्या मुलांना विचारा. तिथेही सागरी दरवाज्यासारखंच वळण आहे. एका दरवाज्यातून येऊन दुसऱ्यातून बाहेर पडलात की शहर आरपार चालून झालं. अंधार पडायच्या आत बाहेर या. आत दिवे नाहीत.

कोळीवाडा आणि पोटपूजा

वेळ उरला तर किल्लाबंदर आणि पाचूबंदरच्या कोळीवाड्यात चक्कर टाका. बांबूच्या वलांडीवर बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत असतात, हजारोंनी. वासाला नाकं मुरडायची असतील तर येऊ नका. फोटो काढायचा तर आधी विचारा : "मावशी, काढू का एक?" बहुतेक जणी हो म्हणतात, आणि नाही म्हटल्या तर कॅमेरा खाली. हे त्यांचं अंगण आहे.

जेवायला वसई गावात परत या. पारनाका, झेंडा बाजार या भागात ताज्या मासळीची ताटं मिळतात. ख्रिस्ती घरांतलं इंद्याल (मसालेदार मांसाचं कालवण) आणि फुग्या (तळलेले फुगीर गोळे) हॉटेलात क्वचितच भेटतात, त्यासाठी ओळख काढावी लागते किंवा नाताळ गाठावा लागतो. हिवाळ्यात 'सुकेळी' विचारा : राजेळी केळी सोलून कित्येक दिवस उन्हात वाळवलेली, मधासारखी तपकिरी, केळीच्या सुक्या पानात बांधलेली. करणारी घरं थोडी उरलीत, म्हणून दिसली की लगेच घ्या, भाव करू नका. उन्हाळ्यात आलात तर ताडगोळे आहेत.

मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशी नालासोपाऱ्याचा स्तूप बघा. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये तो उकरला, आणि याच सोपाऱ्यात अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे मिळालेत. म्हणजे हे बंदर पोर्तुगीजांनी शोधलेलं नव्हे.

संध्याकाळची चर्चगेटकडे जाणारी गाडी मोकळी असते. फक्त बोंबील घेतले असतील तर तीन पिशव्यांत बांधा, वरून वर्तमानपत्र, आणि पिशवी रॅकवर न ठेवता पायाशी. तरी बोरिवली येईपर्यंत शेजारचा माणूस विचारणारच, "वसईहून का?"